पायाखालचं लाकूड

लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली आणि खेळण्यातल्या शिपायाची उंची ठरून गेली: ५४ मिलिमीटर, करंगळीएवढी. पोरांच्या हातात फिरणाऱ्या त्या शिपायाला पायाखाली धातूची पातळ चकती पुरायची. आपल्याकडच्या दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्याचंही तसंच, मातीत रोवला की झालं. पण मोठी माणसं या छंदाच्या नादी लागली, १९३५ साली ब्रिटनमध्ये हौशी मंडळींची सोसायटीही निघाली, आणि गणवेशाचं एकेक बटण रंगवलेली मूर्ती खेळायची वस्तू न राहता न्याहाळायची वस्तू झाली. आता तिला हक्काची बैठक हवी होती.

ही बैठक शोभेपुरती नसते. रंगाच्या पातळ थरांना बोटांचा घाम आणि तेलकटपणा सोसत नाही, म्हणून मूर्ती उचलायची ती लाकडाला धरून. शिवाय नजर कुठे थांबावी हेही लाकूडच सांगतं. ५४ मिलिमीटरच्या एकट्या शिपायाला चार सेंटिमीटरचा चौरस भरपूर होतो. त्याहून मोठ्या माळरानावर तो हरवून जातो.

महाराष्ट्रात यासाठी सागासारखं लाकूड नाही, आणि सुताराकडे त्याचे तुकडे उरलेलेच असतात. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत साग वर्तुळांच्या दिशेने साधारण ५.८ टक्के आणि गाभ्यापासून सालीच्या दिशेने २.५ टक्केच आक्रसतो. युरोपात बैठकीसाठी वापरलं जाणारं बीच जवळपास दुप्पट आक्रसतं. सागाची खोड एकच: त्याचं अंगचं तेल. गोंद लावायच्या जरा आधी तो भाग थिनरने पुसला नाही, तर जोड सुटतो.

ठोकळा कापल्यावर गुण्या लावून प्रत्येक कोपरा पाहावा. कड जराशी जरी तिरकी गेली, तरी वरचा ताठ उभा शिपाई झुकल्यासारखा दिसतो. मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून घासत ४०० पर्यंत जायचं. तंतू जिथे आडवे कापले जातात ती बाजू सगळ्यात जास्त वेळ मागते. ती पॉलिश अधाशासारखं पिते आणि काळपट पडते, म्हणून तिथे एक-दोन नंबर बारीक पेपर जास्त फिरवायचा. ओल्या फडक्याने ठोकळा एकदा पुसला की दबलेले तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते घासून काढले, तर चपड्याच्या पॉलिशचे पातळ हात आरशासारखे बसतात. पॉलिशआधी वरच्या पृष्ठभागावर मात्र चिकटपट्टी हवी, कारण तिथे जमीन उभारायची असते आणि गोंद कोऱ्या लाकडालाच घट्ट धरतो.

मूर्ती नुसत्या गोंदावर सोडणं हा धोकाच. टाचेत १ मिलिमीटरचं भोक पाडून पितळी तार बसवतात, तिच्या मापाचं भोक लाकडात पाडतात आणि आधी कोरडीच उभी करून बघतात. शिपाई बैठकीच्या कडांना समांतर न ठेवता किंचित वळवला, की त्याच्यात चाल येते.

जुन्या शिशाच्या मूर्तींसाठी मात्र लाकूड पारखूनच घ्यावं लागतं. ओक लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ सतत बाहेर पडते आणि बंद कपाटात ती शिशाला खाते. शिपायाच्या अंगावर पांढरी भुकटी धरते, नाजूक बंदूक किंवा घोड्याचा पाय ठिसूळ होऊन तुटतो. नवीन प्लायवूड आणि एमडीएफही निर्धोक नाहीत. पॉलिशचा थर ही वाफ कमी करतो, पूर्ण थांबवत नाही. त्यामुळे मौल्यवान शिशाचे शिपाई काच आणि लोखंडी पत्र्याच्या कपाटात, हवा खेळती ठेवून मांडणं उत्तम. रेझिनच्या आजच्या मूर्तींना ही बाधा नाही, त्यांच्यासाठी सागाचा तुकडा निर्धास्त वापरावा.