श्रमानंतरची नाडी
अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यात जोर काढून उठलेल्या तरुणाच्या मनगटावर बोटे ठेवली, तर धडधडणारी नाडी मिनिटाभरातच उतरू लागल्याचे प्रत्ययास येते. हा उतार हृदयाची गती मंदावणाऱ्या ‘व्हेगस’ या मज्जातंतूचा अंमल पुन्हा प्रस्थापित झाल्याचा दाखला होय. हृदयाच्या कर्णिकांच्या, म्हणजे वरच्या कप्प्यांच्या, बेताल कंपनावर फुप्फुसशिरांच्या मुखांभोवती ॲब्लेशन, म्हणजे ऊती भाजून निकामी करण्याचा उपचार, करताना मात्र त्याच मज्जातंतूचे तेथील गुच्छही अनेकदा भाजले जातात, आणि म्हणून अकोल्याच्या वैशाखातील उन्हात जिना चढून आलेल्या अशा रुग्णाची नाडी काही महिने रेंगाळत उतरली, तर तेवढ्यावरून हृदय दुबळे झाल्याचा निवाडा करणे मला अन्यायाचे वाटते. भोवळ, छातीतील कळ वा पुन्हा बेताल पडणारे ठोके यांची बाब निराळी, ती तत्काळ डॉक्टरांच्या कानी घालावी.