स्कॅनर बंद पडला? भंगारात देण्याआधी हे तपासा; प्रिंटर घेताना मशीनची नव्हे, पानाची किंमत बघा

यवतमाळ : दहावी-बारावीचे निकाल लागले की घराघरांत कागदपत्रांची फाईल कपाटातून बाहेर येते. गुणपत्रिका, टीसी, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणीची कागदपत्रे असे सगळे स्कॅन करून अपलोड करायचे असते. नेमका त्याच वेळी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला स्कॅनर दगा देतो. लॅपटॉप नवा असतो, पण तो स्कॅनरला ओळखतच नाही. मग घाईघाईत चार हजारांचा ऑल-इन-वन प्रिंटर घरी येतो. काही महिन्यांनी त्याचे कार्ट्रिज संपते, नव्या कार्ट्रिजचा भाव कळतो आणि मशीन कोपऱ्यात धूळ खात पडते.

हा खर्च टाळता येतो. त्यासाठी आपल्याला नेमके काय लागते, स्कॅनर की प्रिंटर, हे आधी ठरवायला हवे. दोन्हींची गणिते वेगळी आहेत.

स्कॅनर बिघडला की ड्रायव्हर?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक घरांत विंडोज ११ चा लॅपटॉप आला आहे. विंडोज ११ फक्त ६४-बिट स्वरूपात मिळते, तर जुन्या अनेक स्कॅनरचे ड्रायव्हर ३२-बिटचे आहेत. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि मशीन यांच्यातला दुभाषी. ३२-बिटचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही. म्हणजे स्कॅनर धडधाकट असतो, दुभाषीच नसतो.

तपासणी सोपी आहे. स्कॅनर जोडून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. तिथे पिवळ्या खुणेसह एखादे नाव दिसले, तर अडचण बहुधा ड्रायव्हरची आहे. काहीच दिसले नाही, तर आधी यूएसबी केबल आणि पोर्ट बदलून बघा. ड्रायव्हरचीच अडचण असेल तर हे पर्याय आहेत :

- कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून ६४-बिट ड्रायव्हर शोधा. इतर ठिकाणची 'फ्री ड्रायव्हर' सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका.
- 'व्ह्यूस्कॅन' हे सॉफ्टवेअर हजारो जुन्या मॉडेलसाठी स्वतःचे ड्रायव्हर देते. ते विकत घ्यावे लागते, पण आधी मोफत आवृत्तीवर आपला स्कॅनर चालतो का, हे बघता येते.
- लिनक्समध्ये 'सेन' ही मोफत यंत्रणा आहे. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून, लॅपटॉपवर इन्स्टॉल न करताही चालवून बघता येते.
- जुना संगणक चालू असेल तर तो इंटरनेटला न जोडता फक्त स्कॅनिंगसाठी ठेवा आणि फाईल पेनड्राइव्हने हलवा.

काच पुसूनही प्रत्येक स्कॅनवर एकाच जागी उभी रेघ येत असेल, आतली पट्टी अडखळत सरकत असेल किंवा दिवा मंद झाला असेल, तर मात्र मशीन थकले आहे. अशा वेळी दुरुस्तीचा खर्च आणि नव्या स्कॅनरची किंमत यांची तुलना करूनच पुढे जा.

मोबाईल असताना स्कॅनर कशाला?

रोजच्या कागदांसाठी खरेच गरज नाही. केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात कॅमस्कॅनरही होते. पण अँड्रॉइडवर गुगल ड्राइव्हमध्ये आणि आयफोनवर नोट्समध्ये स्कॅनची सोय मोफत आहे.

काही कागद तर स्कॅनही करावे लागत नाहीत. डिजिलॉकरमध्ये संबंधित यंत्रणेकडून थेट आलेली कागदपत्रे मूळ प्रतीइतकीच ग्राह्य धरली जातात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमी पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो. तो थेट पीडीएफमध्ये येत असल्याने प्रिंट काढून पुन्हा स्कॅन करण्याचा द्राविडी प्राणायाम नको.

स्कॅनरची खरी गरज पडते ती जुन्या कागदांसाठी. जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी ठरावीक तारखेपूर्वीचे पुरावे मागितले जातात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या त्या तारखा आहेत. कोलाम, गोंड, आंध, बंजारा समाजाची मोठी वस्ती असलेल्या या जिल्ह्यात आजोबांचा शाळेचा दाखला किंवा कोतवाल बुकाची नक्कल हा अनेक घरांतला सर्वांत मोलाचा कागद असतो. तो घडीवर फाटलेला असतो, शाई उडालेली असते. मोबाईलच्या फोटोत सावली पडते, कडा तिरक्या होतात, पुसट अक्षर ॲपच्या 'फिल्टर'मध्ये गायब होते. असा कागद सपाट काचेवर ठेवून एकदा नीट स्कॅन केला, की पुढच्या भावंडांच्या वेळीही तीच फाईल कामी येते.

नवा स्कॅनर घेताना काय बघाल?

सध्याचे घरगुती सपाट स्कॅनर बहुतेक 'सीआयएस' प्रकारचे असतात. ते पातळ असतात आणि त्यांतले अनेक यूएसबीच्या विजेवरच चालतात. लाईट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम होते. जुने 'सीसीडी' स्कॅनर जड असतात, त्यांना वेगळा ॲडॉप्टर लागतो; पण जाड वहीच्या शिवणीजवळचा, काचेपासून थोडा उचललेला मजकूरही ते स्पष्ट टिपतात. सीआयएसमध्ये तो धूसर होतो.

दुसरा मुद्दा आकाराचा. घरगुती स्कॅनरची काच ए-४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर असते. जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे बहुधा लीगल आकाराची असतात आणि लीगल कागदाची लांबी ३५६ मिलिमीटर असते. तो सुमारे सहा सेंटिमीटर बाहेर राहतो. वरून कागद ओढून घेणारा फीडर, म्हणजे एडीएफ, लीगल कागद घेतो. मात्र जीर्ण कागद त्यात कधीही घालू नका, फाटेल. त्यासाठी झेरॉक्सच्या दुकानातल्या मोठ्या मशीनची ए-३ काच बरी.

खोक्यावरच्या ४८०० डीपीआयसारख्या आकड्यांना भुलू नका. कागदपत्रांसाठी ३०० आणि जुन्या फोटोंसाठी ६०० डीपीआय पुरेसे आहे. ३०० डीपीआयवर ए-४ पानाचे चित्र सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे होते. मूळ फाईल रंगीत आणि मोठीच जपा. पोर्टलच्या केबीच्या मर्यादेसाठी तिची वेगळी लहान प्रत करा. लहान केलेली फाईल पुन्हा मोठी करून गेलेले अक्षर परत येत नाही.

प्रिंटर : आधी हे गणित मांडा

आता प्रिंटरकडे वळू. समजा, कार्ट्रिजचा प्रिंटर ४,००० रुपयांना आहे आणि ९०० रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये १५० पाने निघतात. म्हणजे शाईचेच पानाला ६ रुपये झाले. इंक टँक प्रिंटर १३,००० रुपयांना आहे आणि शाईचा खर्च पानाला २० पैसे आहे. कागदाचे ६० पैसे दोन्हीकडे धरू. दुकानात काळ्या-पांढऱ्या प्रिंटचे ५ रुपये धरू. तीन वर्षांचा हिशेब असा होतो :

- महिन्याला २० पाने : कार्ट्रिज ८,७५२ रुपये, इंक टँक १३,५७६ रुपये, दुकान ३,६०० रुपये.
- महिन्याला १०० पाने : कार्ट्रिज २७,७६० रुपये, इंक टँक १५,८८० रुपये, दुकान १८,००० रुपये.

आपल्या भागातले भाव टाकून हा हिशेब पुन्हा करा. पण यातून दोन गोष्टी दिसतात. या भावांत कार्ट्रिजचा प्रिंटर दुकानापेक्षा कधीच स्वस्त पडत नाही, कारण त्याच्या एका पानाचाच खर्च दुकानापेक्षा जास्त आहे. आणि इंक टँक परवडतो तो महिन्याला साधारण ८५-९० पानांच्या पुढे. दोन शाळकरी मुले, शिकवणी किंवा घरून चालणारे काम असेल तर तेवढी पाने होतात. नसतील, तर चांगला स्कॅनर घरी आणि प्रिंट दुकानात, हेच शहाणपणाचे. मात्र झेरॉक्ससाठी गावातून तालुक्याला जावे लागत असेल, तर एसटीचे भाडे आणि मोडलेला दिवसही हिशेबात धरा.

ऊन, लाईट आणि शाई

यवतमाळात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. अनेक इंकजेट प्रिंटरची वापराची मर्यादा ३५ अंशांच्या आसपास असते. उन्हाळ्यात महिनाभर बंद राहिलेल्या प्रिंटरच्या बारीक छिद्रांत शाई वाळते आणि 'हेड क्लीनिंग'मध्ये आणखी शाई जाते. म्हणून आठवड्याला एक रंगीत पान काढा. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा. त्यामुळे हेड झाकणाखाली जाऊन बसते. भिंतीवरचे बटण दाबले किंवा लाईट गेली, तर ते उघडे राहू शकते.

लेझर प्रिंटरचा टोनर भुकटीचा असल्याने वाळत नाही. सेतू केंद्रांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत कॅननचे एलबीपी २९०० किंवा एचपीचे लेझरजेट १०२० अजून टिकून आहेत, त्यामागे हेही कारण आहे. त्यांच्या एका टोनरची क्षमता सुमारे २,००० पाने आहे. पण ही यंत्रे रंगीत छापत नाहीत आणि स्कॅनही करत नाहीत. शिवाय लेझरमध्ये शाई पक्की करणारा भाग सुमारे २०० अंशांपर्यंत तापतो, तेव्हा विजेचा मोठा झटका लागतो. घरचा लहान इन्व्हर्टर त्याने बंद पडू शकतो. छापताना इंकजेटला साधारण १०-२० वॉट पुरतात.

पैसे देण्याआधी हे विचारा

- ४४५ पासून सुरू होणाऱ्या आपल्या पिनकोडवर घरी येऊन सेवा मिळते का, की मशीन नागपूर-अमरावतीला न्यावे लागेल?
- काळी शाई 'पिगमेंट' आहे का? साध्या 'डाय' शाईचे अक्षर पावसाच्या थेंबाने फुटते.
- सोबत आलेला टोनर पूर्ण आहे की कमी पानांचा 'स्टार्टर'?
- वाया जाणारी शाई शोषणारा 'मेंटेनन्स बॉक्स' घरी बदलता येतो का?
- 'मोप्रिया' किंवा 'एअरप्रिंट' आहे का? असेल तर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय मोबाईलवरून प्रिंट निघते. मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२३ मध्ये कंपन्यांच्या वेगळ्या प्रिंटर ड्रायव्हरचा आधार टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे जाहीर केले आहे. आज स्कॅनरचे झाले ते उद्या प्रिंटरचे होऊ नये, यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा.

जुने मशीन कुठे द्याल?

जुन्या स्कॅनरच्या दिव्यात पारा असू शकतो, त्यामुळे तो फोडू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत कार्ट्रिजसह प्रिंटरचा समावेश आहे. भंगारवाल्याऐवजी कंपनीच्या संकलन व्यवस्थेकडे किंवा एक्स्चेंज घेणाऱ्या विक्रेत्याकडे चौकशी करा.

आणि स्कॅनर चालू असेल, तर प्रवेशाची गर्दी सुरू होण्याआधी एक दुपार काढा. जुने दाखले ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा, फाईलला नाव आणि वर्ष द्या. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक गुगल ड्राइव्हवर ठेवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका, कोरड्या जागी सपाट ठेवा. प्रिंटर पुन्हा विकत मिळेल. आजोबांचा दाखला मिळणार नाही.