पाटीवरचे नाव

फ्लेक्सच्या जमान्यातही परभणीत हाताने पाट्या रंगवणारा माझा एक विद्यार्थी आहे. स्वतःचे दुकान काढायचे म्हटले की तो थबकतो. थोडे भांडवल जमले आहे; भीती पाटीवरच्या आडनावाची आहे. माझा बाप सालगडी होता. ही भीती मला कुणी समजावून सांगायला नको.

ती निराधारही नाही. १९१७ साली परदेशातून परतल्यानंतर बाबासाहेबांनी मुंबईत शेअरबाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. जात कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली, व्यवसाय बुडाला. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. १९२३ साली तेही बंद पडले. तरी १९२७ साली 'बहिष्कृत भारत' उभे राहिलेच.

फरक कुठे पडला? पहिला धंदा परक्यांच्या मर्जीवर होता. 'मूकनायक'मागे शाहू महाराजांचे २,५०० रुपये होते आणि वाचक आपले होते. धैर्य असे पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांतून येते.

म्हणून त्याला नुसते "हिंमत धर" म्हणणे ही आपली पळवाट आहे. विहाराचे, वसतिगृहाचे, जयंतीचे फलक त्याच्याकडून करून घ्या. पैसे रोख द्या. पहिली पाटी मात्र त्याने स्वतःची रंगवावी, आडनावासकट.