मक्यातली अळी लष्करीच का? ओळख खुणांनी, खात्री जनुकांनी

मंद्रूप : मक्याच्या पोंग्यात अळी दिसली की आपण लगेच म्हणतो, 'लष्करी आली!' पण ती खरंच अमेरिकन लष्करी अळी आहे का, हे ओळखायचं कसं?

आधी खुणा बघा. डोक्यावर इंग्रजी 'वाय' उलटा काढल्यासारखी फिकट रेघ आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके असतील, तर ती हीच. मात्र अळी अगदी बारीक असताना या खुणा नीट दिसत नाहीत.

तिथे प्रयोगशाळा कामी येते. अळीच्या 'सीओआय' जनुकाचा तुकडा वाचून तो नोंद असलेल्या प्रजातींशी ताडून पाहतात. २०१८ मध्ये ही अळी देशात प्रथम कर्नाटकात सापडली, तेव्हा खुणा आणि जनुक दोन्ही तपासले गेले. त्याच वर्षी ती आपल्या सोलापूर जिल्ह्यातही पोचली. हिचे दोन प्रकार आहेत. एकाचा ओढा मक्याकडे, दुसऱ्याचा भाताकडे. दिसायला दोन्ही सारखेच, फरक फक्त जनुकांत.

अळी पोंग्यात खोल शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, फवारणीचा खर्च वाया जातो. म्हणून पीक लहान असतानाच पोंगे तपासा. खूण पटली नाही, तर अळी डबीत घालून कृषी सहायकांना दाखवा, मगच औषध आणा.