दप्तरात राहिलेली चिठ्ठी

माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर सुंदर, पाठांतर चोख. पण फळ्यावरचे उतरवून घेताना सारखी शेजारणीच्या वहीत डोकवायची. मी दोनदा रागावले. त्या वर्षी आरोग्य तपासणीचे पथक शाळेत आले. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावून मुलांना वीस फुटांवर उभे केले. या मुलीला वरच्या दोन ओळींपुढे काही वाचताच येईना. चूक तिची नव्हती, माझी होती.

पथकाने तिच्या हातात चिठ्ठी दिली : सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या. दोन महिन्यांनी विचारले, तर चिठ्ठी दप्तरातच घडी घालून ठेवलेली. तिच्या अम्मीला बोलावले. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, आत्ताच चष्मा लागला तर उद्या पोरीला स्थळं कशी येणार?"

हे अनेक घरांचे उत्तर आहे, म्हणूनच लिहीत आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. अनुदानित उर्दू शाळाही त्यात येतात. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि औषध देणारी व्यक्ती असते. डॉक्टरांपैकी एक महिला असावी, असा नियम आहे. त्यामुळे मुलींना त्या दिवशी घरी ठेवण्याचे कारण नाही. डोळे, कान, दात, त्वचा, हृदय, रक्ताची कमतरता, बोलण्या-चालण्यातील अडचण असे सगळे पाहिले जाते. काही आढळले तर पुढचे उपचार, गरज पडल्यास हृदयाची शस्त्रक्रियासुद्धा, मोफत होते.

पण पथक फक्त दोष शोधते. मुलाला दवाखान्यात नेण्याचे काम आपले. कान वाहतो, "मोठा झाल्यावर थांबेल" म्हणून सोडून दिला, तर ऐकू येणे कमी होऊ शकते. एका डोळ्याची कमजोरी लहानपणी दुरुस्त केली नाही, तर पुढे चष्मा लावूनही तो डोळा नीट पाहू शकत नाही. धावताना लवकर दम लागणारे मूल आळशीच असते असे नाही.

शाळेत मिळणाऱ्या गोळ्यांबद्दलही गैरसमज आहेत. जंताची गोळी वर्षातून दोनदा देतात, ती चावून खायची. लोहाची गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर घ्यायची. तिच्यावर लगेच चहा पिऊ नये. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नका. मुलाचा रोजा असेल तर शिक्षकांना आधी सांगा. मूल आजारी असेल किंवा त्याचे दुसरे औषध चालू असेल, तर तेही सांगा.

खाजगी विनाअनुदानित शाळेत किंवा फक्त मदरशात शिकणाऱ्या मुलांपर्यंत पथक पोहोचेलच असे नाही. त्यांना आई-वडिलांनी वर्षातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात स्वतः न्यावे.

त्या अम्मींना मी एवढेच म्हणाले, "स्थळं यायला अजून बारा वर्षं आहेत. फळा तिला आज दिसत नाही." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मुलीच्या अब्बांनी एका दिवसाची मजुरी सोडून तिला जिल्हा रुग्णालयात नेले. चष्मा लावून आली त्या दिवशी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, मला वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं."

मूल स्वतःहून सांगणार नाही, कारण त्याला ठाऊकच नसते. औलाद ही अल्लाहने आपल्याकडे दिलेली अमानत आहे, असे आपण नेहमी म्हणतो. मग आज रात्री, अभ्यास झाल्यावर, मुलाचे दप्तर एकदा उघडून पाहा. तळाशी एखादी चिठ्ठी आहे का?