साक्षीदार एक, नोंदी दोन

आपल्या रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात एकाच रुग्णाचे दोन केसपेपर निघणे ही नवलाची गोष्ट नव्हे. एका कागदावर माहेरचे आडनाव, दुसऱ्यावर सासरचे. एकीकडे पत्ता नाशिकरोड, दुसरीकडे देवळाली गाव. मग जुना तपासणी अहवाल वेळेवर सापडत नाही व रुग्णास पुन्हा रक्त द्यावे लागते. हीच अडचण कर्करोगाच्या संशोधनातही येते, हे आम्ही येथे सांगू इच्छितो.

पेशीतील प्रथिने एकमेकांशी जोडली जाऊन आपली कामे करतात. कोणते प्रथिन कोणाशी जोडले जाते, याच्या नोंदी शोधनिबंधांतून वेचून माहितीकोशांत साठविल्या जातात. बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्सने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने २००३ साली मानवी प्रथिनांचा असा कोश जगापुढे ठेवला. उदाहरणार्थ, पी-५३ हे प्रथिन पेशींच्या बेलगाम वाढीस आवर घालते, तर एमडीएम-२ हे त्यास चिकटून निष्प्रभ करते. हा संबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला आणि २००४ साली ही जोडी सोडविणारी 'नटलिन' संयुगे पुढे आली. औषधाचा शोध अशा नोंदींच्या आधारे पुढे जातो.

परंतु एकच निबंध दोन कोशांनी वेचला आणि एकाने जोडीचा क्रम उलटा लिहिला किंवा प्रथिनाचे दुसरे नाव वापरले, तर संगणकास दोन पुरावे दिसतात. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो आणि दुबळा पुरावा विनाकारण भक्कम भासतो.

यावर उपाय असा की, नावाऐवजी प्रथिनाचा कायम क्रमांक घ्यावयाचा. युनिप्रॉट कोशात मानवी पी-५३ चा क्रमांक पी०४६३७, तर एमडीएम-२ चा क्यू००९८७ आहे. जोडीचा क्रम एकसारखा लावून मग निबंध व प्रयोगाची पद्धत ताडून पाहावयाची. सर्व जुळल्यास नोंद एकच धरली जाते. मात्र जोडी तीच असून निबंध किंवा पद्धत निराळी असेल, तर तो स्वतंत्र दुजोरा होय. तो गाळल्यास खरा पुरावाच हरवतो. वेचणीचे काम दुबार होऊ नये म्हणून आयएमईएक्स या आंतरराष्ट्रीय संघातील कोशांनी समान नियम ठरवून निबंध आपसांत वाटून घेण्याची रीत स्वीकारली.

रुग्णालयातही हाच विवेक लागतो. एकाच नावाच्या दोन व्यक्तींचे कागद चुकून एकत्र झाले, तर एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावे लागू शकतो. म्हणून केवळ नावावर विसंबू नये, जन्मतारीख व पत्ता रुग्णास विचारून पडताळावा आणि शंका असल्यास दोन्ही कागद राखावेत, हेच श्रेयस्कर. नातेवाइकांनी येताना जुना केसपेपर अवश्य आणावा, ही विनंती. देणगीदारांच्या साहाय्याने येणारी यंत्रे सर्वांना दिसतात. परंतु त्यांचा अहवाल योग्य रुग्णाच्याच हाती पडावा, यासाठी नोंदी पडताळण्याचे हे शांत कामही तितकेच मोलाचे आहे.