लायसन्स आहे, पाट्यांचं काय?

लायसन्स मिळालं म्हणजे रस्त्यावरच्या खुणा येतातच, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेकांची ही परीक्षा एकदाच होते, लर्निंग लायसन्सच्या वेळी. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तिथे 60 टक्के उत्तरं बरोबर आली की उमेदवार पास. दहापैकी चार प्रश्न चुकलेला माणूसही रीतसर चालक होतो. नूतनीकरणाला चाळिशीनंतर डॉक्टरचा दाखला मागतात, पाट्या कोणी विचारत नाही.

‘इतक्या खुणा कोण पाठ करणार?’ ही तक्रार मात्र लटकी आहे. चित्र पाठ नसलं तरी पाटीचा आकार बोलतो. गोल पाटी म्हणजे हुकूम: लाल कडेची मनाई करते, निळी सक्ती. लाल कडेचा त्रिकोण पुढच्या धोक्याचा इशारा देतो, चौकोन माहिती पुरवतो. अष्टकोन फक्त ‘थांबा’साठी आणि उलटा त्रिकोण फक्त ‘रस्ता द्या’साठी राखून ठेवलेला. लाल कडेतला 60 हा आकडा कमाल वेगाचा, निळ्या गोलातला किमान वेगाचा. लाल कडेतला आकडा म्हणजे ‘इतक्या वेगाने जावं’ अशी शिफारस नव्हे. धो धो पावसात 60 सुद्धा जास्तच.

गोंधळात टाकते ती नो पार्किंगची पाटी, कारण तिची कड लाल आणि पोट निळं. एक तिरपी रेघ असेल तर गाडी उभी करून ठेवायची नाही. दोन रेघांची फुली असेल तर क्षणभरही थांबायचं नाही. चालक आत बसलाय, इंजिन चालू आहे, ही सबब दोन्हीकडे चालत नाही.

सर्वांत पक्का गैरसमज डाव्या वळणाचा. ‘लेफ्ट तर फ्रीच असतो’ असं म्हणत लाल सिग्नलला डावीकडे गाडी घालणारे प्रत्येक चौकात भेटतात. थांबलेल्याच्या मागे हॉर्न वाजवणारे वेगळेच. 2017च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार लाल दिवा डावीकडे वळणाऱ्यालाही लागू आहे. तशी पाटी किंवा बाण असेल तरच सूट. आणि सूट असली तरी रस्ता ओलांडणारा आधी, गाडी नंतर. हिरवा दिवा पाहून निश्चिंत निघालेल्या आजीबाईंना नेमकी हीच गाडी आडवी येते.

झेब्रा क्रॉसिंगचंही तसंच. पादचाऱ्याने गाड्या संपायची वाट पाहावी, अशी आपली समजूत. सिग्नल नसलेल्या झेब्र्यावर नियम उलटा आहे: चालकाने वेग कमी करायचा, थांबायचं आणि पायी जाणाऱ्याला वाट द्यायची. सिग्नल असेल तर गाडी स्टॉप लाइनच्या मागे, पट्ट्यांवर नाही. पट्टे गाड्यांनी भरले की माणसं भर चौकातून वाट काढतात. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यांतले 32,825 पादचारी होते. या सगळ्यांना झेब्र्याने वाचवलं असतं असं नाही, पण पायी चालणाऱ्याला आपण रस्त्यावर किती जागा देतो, ते या आकड्यातून दिसतं.

पिवळा दिवा ‘पटकन निघा’ सांगत नाही, ‘थांबा’ सांगतो. रेषेच्या इतके जवळ असाल की थांबणंच धोक्याचं, तेव्हाच पुढे जायचं. हॉर्नवर तिरपी रेघ मारलेली पाटी ही नुसती विनंती समजू नका: 2019च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी 1,000 रुपये दंड आहे.

पादचारीही सोवळे नाहीत. मुंबईत 2020 साली दादर-माहीम भागातल्या सिग्नलांवर स्त्रीची आकृती आली, त्याचं कौतुक झालं. पण आकृती लुकलुकू लागली की फुटपाथवरून नव्याने पाऊल टाकायचं नाही, रस्त्यात असाल तर भराभर पलीकडे जायचं, हे कितीजण पाळतात?

अर्थात पाटी दिसलीच नाही, तर पाळणार काय? वाढदिवसाचे फ्लेक्स आणि झाडांच्या फांद्या कित्येक पाट्या गिळून बसल्या आहेत. पाटी झाकणारी जाहिरात हटवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 116 मध्ये दिलेला आहे. तुमच्या कोपऱ्यावर असा फ्लेक्स असेल, तर फोटो काढून महापालिकेकडे आणि वाहतूक शाखेकडे लेखी तक्रार करा.